पेन्शन घेऊन काम करणाऱ्यांचा गुन्हा काय?

दर वर्षी जून-जुलैत आमच्या मोहल्ल्यातल्या निवृत्त मंडळींची आयकर विवरणपत्रं भरायला मी मदत करतो. त्यात सगळ्यात हैराण असतात ते पेन्शन सुरू झाल्यावरही नोकरी करणारे. उर्दू हायस्कूलमधून निवृत्त होऊन एखाद्या संस्थेच्या इंग्रजी शाळेत रुजू झालेले मुख्याध्यापक, दुसरीकडे लागलेले हेडक्लार्क. हौस म्हणून या वयात कोणी रोज डबा घेऊन निघत नाही. मुलीचं बी.यू.एम.एस. व्हायचं असतं, घराचं काम स्लॅबवर अडलेलं असतं. माझा आक्षेप असा आहे की आपला आयकर कायदा निवृत्तीनंतर व्याजावर बसून खाणाऱ्याचे लाड करतो आणि राबणाऱ्याला मात्र पिडतो.

पेन्शनवर कर नसावा असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा खटल्यात पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, ती केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, हे ठणकावून सांगितलं. सेवेचा मोबदला म्हटल्यावर कायदा तिला 'पगार' या शीर्षकाखाली धरतो, इथपर्यंत सगळं ठीक आहे.

आता हिशेब पाहा. २०२५-२६ हे आर्थिक वर्ष, नवी करप्रणाली. समजा एका सरांना महिना ६०,००० पेन्शन आहे आणि नव्या शाळेत ५०,००० पगार. वर्षाचे ७,२०,००० आणि ६,००,०००. कोषागार फक्त पेन्शन बघतं, त्यातून ७५,०००चं स्टँडर्ड डिडक्शन वजा करतं आणि म्हणतं, कर शून्य. शाळाही आपल्यापुरतं बघते, तीही ७५,००० वजा करून म्हणते, कर शून्य. सर वर्षभर निर्धास्त. जुलैत दोन्ही रकमा एकत्र येतात, १३,२०,०००, आणि डिडक्शन मिळतं एकदाच. उरतात १२,४५,०००. बारा लाखांची रेषा ओलांडली, रिबेट गेलं. मार्जिनल रिलीफ धरूनही ४५,००० कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ४६,८००. डिडक्शन दोनदा मिळालं असतं तर उत्पन्न ११,७०,००० राहिलं असतं आणि कर शून्य.

यावर नेहमीचं उत्तर येतं की माणूस एक, तर डिडक्शनही एकच. पण ही वजावट २०१८च्या बजेटमध्ये परत आली ती नोकरदाराच्या प्रवासभत्त्याच्या आणि औषधोपचाराच्या सवलतीच्या बदल्यात. पेन्शनरालाही ती मिळाली, चांगलं झालं. मात्र घरी बसलेल्या पेन्शनरालाही ७५,००० आणि रोज दोन बस बदलून शाळेत जाणाऱ्यालाही ७५,०००च. म्हणजे त्याच्या कामावर होणाऱ्या खर्चाची किंमत कायद्याने शून्य लावली. आणि 'एकच' हे तत्त्व काही अटळ नाही. नोकरी करणाऱ्या विधवा शिक्षिकेला पतीची फॅमिली पेन्शन मिळत असेल तर ती 'इतर उत्पन्न' धरतात. तिला पगारावर ७५,००० मिळतातच, शिवाय फॅमिली पेन्शनवर एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती वेगळी वजावट मिळते. रक्कम तुटपुंजी आहे, पण दोन वजावटी एकाच माणसाला देता येतात हे कायद्यानेच कबूल केलंय.

दुसरा मार व्याजाचा. साठ पूर्ण झालेल्या आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या नागरिकाला अ‍ॅडव्हान्स टॅक्स माफ आहे. महाराष्ट्रात शाळेचा शिक्षक निवृत्त होतो ५८व्या वर्षी! सरकारच्या एका हाताला तो म्हातारा वाटतो, दुसऱ्या हाताला अजून तरुण. मधली दोन वर्षं त्याने ४६,८०० जुलैत भरले तर कलम २३४बी आणि २३४सी मिळून चार हजारांच्या वर व्याज बसतं. जन्मभर बँकेच्या व्याजाला हात न लावलेले आमचे सर सरकारला मात्र व्याज मोजतात.

आणि ज्यांनी ते व्याज घेतलं, त्यांच्यासाठी काय आहे? जुन्या प्रणालीत साठीच्या पुढच्यांना ठेवींच्या व्याजावर ५०,०००पर्यंत वजावट, कलम ८०टीटीबी. पंचाहत्तरी गाठलेल्याला कलम १९४पी खाली विवरणपत्रच भरायला नको. अट एवढीच की उत्पन्न फक्त पेन्शनचं आणि त्याच बँकेतल्या व्याजाचं असावं. त्या वयात कोणी कुठे हिशेबनीस म्हणून चार पैसे कमावले की ही सूट गेली.

काही संस्था तर पगारही देत नाहीत, कागदावर 'मानधन' लिहितात आणि व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापतात. पीएफ टळतो, संस्था खूश. सरांचा साधा आयटीआर-१ फॉर्म गेला, साठीनंतरची अ‍ॅडव्हान्स टॅक्सची माफीही गेली. वकील-डॉक्टरांना निम्मी फी नफा दाखवून मोकळं होता येतं. त्या कलम ४४एडीएच्या यादीत शिकवणं नाही. यात आपल्या समाजाच्या संस्थाही आहेत, आणि त्यांच्या जलशांत शिक्षकांच्या सन्मानाची भाषणं मी ऐकली आहेत.

पेन्शनर संघटना महागाई भत्त्यासाठी निवेदनं देतात, ती द्यावीतच. सोबत दोन ओळी जोडाव्यात: पेन्शन आणि पगार दोन्ही असतील तर कामाच्या पगारावर वेगळी वजावट द्या, आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सची माफी साठीशी न बांधता निवृत्तीशी बांधा. तोवर नव्या नोकरीत रुजू होताच पेन्शनचा आकडा फॉर्म १२बी मध्ये लिहून शाळेच्या ऑफिसात द्या आणि पोच घ्या. कर तेवढाच लागेल, पण तो महिन्याला थोडा थोडा कापला जाईल आणि व्याज बसणार नाही. क्लार्क म्हणेल, असा फॉर्म नसतो. असतो.