आईची खुर्ची

आई आमच्याकडे कायमची राहायला आली त्याला चार महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, ती हॉलमध्ये थांबत नाही. चहा झाला की वॉकर घेऊन आतल्या खोलीत. "आई, बस की इथेच," म्हटलं तर म्हणाली, "अगं, कुणाशी बोलू? सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे."

खरंच होतं. दहा बाय सोळाचा हॉल. एका भिंतीला सोफा, समोर टीव्ही, आणि आईची खुर्ची सोफ्याच्याच रांगेत, बाल्कनीच्या दाराशी. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि आम्ही सगळे नेमके तिच्या डाव्या बाजूला.

आपल्याकडची बैठक पूर्वी अशी नव्हती. ओसरीवर झोपाळा असायचा, समोर गादी-तक्के. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतसुद्धा पाहुणा खाटेवर आणि घरची माणसं त्याच्यासमोर सतरंजीवर बसत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढं घरोघरी टीव्ही आला तशी बैठक त्याच्याकडे वळली. आता मुलं मालिका फोनवर बघतात. सोफा मात्र अजून तिथंच आहे.

खुर्च्यांच्या मांडणीनं किती फरक पडतो ते बघा. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका रुग्णालयात वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड नव्यानं सजवला होता. छान रंग, नव्या खुर्च्या, तरी बायका गप्पच. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की खुर्च्या भिंतीला लावून एका ओळीत मांडल्या आहेत. त्यानं लहान टेबलं आणून त्यांच्याभोवती खुर्च्या ठेवल्या. काही आठवड्यांत तिथलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. माणसं तीच, खुर्च्याही त्याच.

मग आम्हीही एका रविवारी सोफा काढून आडव्या भिंतीला लावला आणि आईची खुर्ची त्याच्याशी काटकोनात आणली, तिचा उजवा कान आमच्याकडे येईल अशी. मधला काचेचा टीपॉय सरळ देऊन टाकला. वॉकरला मोकळी वाट हवी, तीन फूट तरी. गालिचाही गुंडाळून ठेवला, त्याच्या कडेला पाय अडकतो. खुर्ची हातांची, बैठक जमिनीपासून अठरा इंच. हल्ली दुकानांत मिळणारे खोल, बुटके सोफे म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी नाहीतच. त्यात बसलेल्या माणसाला उठवायला दुसरं माणूस लागतं, आणि मग म्हातारं माणूस तिथं बसायचंच टाळतं. टीव्ही आता तिरका दिसतो. दिसू दे.

आई हल्ली रात्री नऊपर्यंत हॉलमध्ये असते. माझ्या मुलीला आजीच्या आजोळच्या वाड्याचा नकाशा पाठ झालाय, विहीर कुठं, न्हाणीघर कुठं ते सगळं.

तुमच्या घरात कुणी वयस्क असेल, तर आज पाच मिनिटं त्यांच्या जागी बसून बघा. तिथून कुणाचा चेहरा दिसत नसेल, तर खुर्ची हलवा.