कपात आणि लूट

सोनईतील एक शेतकरी अलीकडे आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा परिचर्येचे शिक्षण घेतलेला. हातात जर्मनीतील नोकरीचे पत्र. पगार दरमहा ३,००० युरो. "सर, युरोला शंभर रुपये धरले तर तीन लाख झाले. दोन एकर गहाण टाकू का, एवढे सांगा," असे ते म्हणाले. ज्या मध्यस्थाने त्यांना हा गुणाकार शिकविला, त्याने पुढची वजाबाकी मात्र कटाक्षाने टाळली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याला प्रारंभी १०,००० कुशल कामगार पुरविण्याचा करार केला. तेव्हापासून हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही.

ती वजाबाकी अशी. २०२५ च्या दरांनी, तेवीस वर्षांवरील अविवाहित व निरपत्य कामगाराच्या ३,००० युरोंतून निवृत्तिवेतन विम्याचे ९.३ टक्के, म्हणजे २७९ युरो जातात. आरोग्य विम्याचे सरासरी ८.५५ टक्के, म्हणजे सुमारे २५७. वार्धक्यातील शुश्रूषेच्या विम्याचे ७२. बेकारी विम्याचे ३९. त्यावर प्राप्तिकर सुमारे ३०० युरो. हातात उरतात सुमारे २,०५०. खोलीभाडे, जेवणखाण व प्रवास यांसाठी काटकसरीने हजार युरो धरले, तर शिल्लक एक लाख पाच हजार रुपये. पाच लाखांचे कर्ज शेकडा तीन रुपये महिना दराने काढले असेल, तर त्यातून पंधरा हजार केवळ व्याजाचे. शिवाय आपल्याकडील पात्रतेला तिकडे मान्यता मिळेपर्यंत परिचारकाला साहाय्यक म्हणून कमी पगारावर राबावे लागते. पत्रातील ३,००० हा आकडा मान्यतेपूर्वीचा की नंतरचा, हे त्या पत्रात नव्हते!

हा हिशेब ऐकून आपल्यातीलच काही सहानुभूतिदार म्हणतात, "मग आखातात जावे, तेथे प्राप्तिकर नाही." हा युक्तिवाद समाजवाद्याच्या तोंडी शोभत नाही. जर्मनीतील कपात म्हणजे लूट नव्हे. विम्याच्या या हप्त्यांत कामगाराइतकाच, जवळजवळ निम्मा वाटा मालकाला घालावा लागतो. बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वार्धक्याचा विमा आणला, तो औदार्याने नव्हे. समाजवादी चळवळीवर बंदी घालूनही ती दबत नव्हती, म्हणून. त्या संघर्षाचे फळ आज आपल्या मुलालाही मिळते: १ मे २०१७ पासून अमलात असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारान्वये निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी दोन्ही देशांतील विम्याचा काळ एकत्र मोजता येतो. आखातात कर नाही. पण तेथील राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना सामान्यतः परकीय मजुराला लागू नसतात. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. करमुक्त पगाराचा हिशेब करताना हाही रकाना भरावा लागतो.

मग लूट कोठे आहे? ती गहाणखतात आहे, मध्यस्थाच्या दलालीत आहे आणि आपल्या राज्यकर्त्यांच्या नजरेआड करण्यात आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात सर्वाधिक. या आकड्याचे ढोल वाजविले जातात. पण त्या कामगाराला वाढविण्याचा, शिकविण्याचा खर्च येथल्या शेतकऱ्याने आणि येथल्या सार्वजनिक तिजोरीने केलेला असतो. परदेशी मालकाला तो तयार मिळतो. ही जमाखर्चाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही.

आणि आपल्या दाराशी काय आहे? गळीत हंगामात आमच्या साखरपट्ट्यात येणाऱ्या ऊसतोड मजुराच्याही कमाईतून कपात होते. ती मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची. त्या कपातीतून त्याला ना म्हातारपणाची भाकरी मिळते, ना आजारपणातले औषध. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला जातो. एक कपात कामगाराला सुरक्षित करते, दुसरी त्याला वेठीस धरते. हा भेद न समजता सरसकट 'कर नको' म्हणणे म्हणजे मालकाचीच भाषा बोलणे होय.

त्या शेतकऱ्यांना मी सांगितले: मान्यतेपूर्वीचा व नंतरचा निव्वळ पगार, भाषाशिक्षणाचा व प्रवासाचा खर्च कोणाचा, नोकरी सोडल्यास दंड किती, हे सारे लेखी आल्याखेरीज जमिनीला हात लावू नका. परंतु एकेका घराला सल्ला देऊन भागणार नाही. ज्या शासनाने करार केला, त्यानेच प्रत्येक तालुक्यात मराठीतून निव्वळ पगाराचा तक्ता लावावा आणि सावकारी कर्जाची गरज पडणार नाही असे अर्थसाहाय्य द्यावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरली पाहिजे. आणि त्याच सभेत विचारले पाहिजे: जर्मन मालकाला जो हप्ता भरावा लागतो, तो येथे ऊसतोड मजुरासाठी कोणी व केव्हा भरायचा?