चिमट्यातील मोकळी जागा

मर्यादित पैशांत डांबर, खडी आणि चिखल या तिन्हींवर भरवशाने चालेल अशी एकच सायकल निवडून देणे, हे विक्रेत्याच्या आणि कारागिराच्या ज्ञानाची खरी परीक्षा पाहणारे काम आहे. कारण महागड्या सायकलीत सुट्या भागांची जुळणी निर्मात्याने आधीच करून ठेवलेली असते, तर मोजक्या रकमेत कोठे खर्च करावा आणि कोठे हात आखडता घ्यावा हे दुकानातच ठरवावे लागते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या पट्ट्यातील एखादा ग्राहक अशा सायकलीला ‘सायक्लोक्रॉस’ या नावाने मागतो, तेव्हा त्याला शर्यतीची सायकल हवी असते असे नाही. त्याला त्या सायकलीचे काही गुण हवे असतात, आणि ते गुण कोणते हे वेगळे काढून दाखवणे विक्रेत्याकडून अपेक्षित असते.

सायक्लोक्रॉस हा सायकल शर्यतीचा हिवाळी प्रकार असून तो विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आकाराला आला. रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपल्यावर शेतांतून, कुंपणे आणि ओढे ओलांडत सराव करण्याच्या रीतीतून तो घडला. १९०२ मध्ये दानिएल गूसो यांच्या पुढाकाराने फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, १९१० ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझ यांनी आपल्या यशाचे श्रेय या सरावाला दिल्यानंतर त्याचा प्रसार वाढला आणि १९५० मध्ये पॅरिसला झालेली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ज्याँ रोबिक यांनी जिंकली. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही शर्यत अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या बंदिस्त चक्रावर होते, वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीचे अडथळे असतात, तेथे स्पर्धक उतरून सायकल उचलतो किंवा खांद्यावर घेऊन पळतो, आणि टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. सायकलीची सारी घडण या सुमारे तासाभराच्या झुंजीसाठी असते. चिखल अडकू नये म्हणून चिमट्यात आणि मागच्या फांद्यांत मोकळी जागा ठेवलेली असते, खांद्याला टोचू नये म्हणून वरच्या नळीची खालची बाजू अनेकदा चपटी केलेली असते, आणि ब्रेक-गिअरच्या तारा नळीच्या वरून किंवा आतून नेलेल्या असतात. परंपरागत फ्रेमींमध्ये बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस जिथे बसतो तो भाग, रस्त्याच्या सायकलीपेक्षा थोडा उंच असतो. मडगार्ड, कॅरिअर आणि कधीकधी दुसरी बाटली बसवण्याची छिद्रेही गाळलेली असतात, कारण तासाभराच्या शर्यतीत त्यांचे काम नसते.

बदलापूरच्या रोजच्या स्वाराची गरज मात्र निराळी आहे. कल्याण-बदलापूर मार्गावरचे काँक्रीट, बाजूच्या गल्ल्यांतील पेव्हर ब्लॉक, गृहसंकुलांच्या बांधकामाजवळ पसरलेली खडी आणि डंपरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली माती, हे सारे तो एकाच फेरीत ओलांडतो. रविवारी तोच स्वार उल्हास नदी ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडच्या दिशेला, कोंडेश्वरच्या बाजूला किंवा अंबरनाथहून मलंगगडाच्या पायथ्याकडे निघतो, आणि पावसाळ्यात या रस्त्यांच्या कडा खचून मुरूम उघडा पडलेला असतो. २६ जुलै २००५ चा पूर, तसेच २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तो प्रसंग, या दोन्हींतून उल्हासच्या काठाची सखल जमीन किती लवकर पाण्याखाली जाते हे सर्वांनी पाहिले आहे. अशा पाण्यातून वर्षातले चार महिने जाणाऱ्या सायकलीला चपळाईपेक्षा सोसण्याची ताकद अधिक लागते. सायक्लोक्रॉसकडून चिखलासाठीची मोकळी जागा घ्यावी, ताठ चिमटा घ्यावा, वजनाचा संयम घ्यावा, कारण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सायकल चढवणारा स्वारही ती खांद्यावरच घेतो. मात्र तिचे शर्यतीचे गिअर आणि मडगार्डशिवायची फ्रेम घेऊ नये, असे या मासिकाचे मत आहे.

मोकळ्या जागेचा मुद्दा सर्वांत आधी येतो, कारण गिअर, ब्रेक, सीट, हँडल हे सारे नंतर बदलता येते, पण फ्रेमच्या फांद्यांमधले अंतर बदलता येत नाही. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर मोकळे राहतील असा हिशेब धरला, तर ४० मिलिमीटर रुंद टायरसाठी ५२ मिलिमीटर रुंदी लागते, आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवायचे असतील तर त्याहून अधिक. ही जागा चिमट्याच्या वरच्या भागात, मागच्या वरच्या फांद्यांत आणि बॉटम ब्रॅकेटच्या मागे खालच्या फांद्यांत अशी तीन ठिकाणी पट्टी लावून मोजावी. शेवटचे ठिकाण सर्वांत अरुंद असते आणि तेच मोजायचे राहून जाते. चिखल जमतो तोही तेथेच, आणि मुरमातला एखादा खडा टायरबरोबर फिरत राहिला की ॲल्युमिनियमच्या फांदीचा रंग आणि मग धातूही खरवडला जातो. या पट्ट्यातल्या स्वाराला ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर योग्य ठरतो, कारण त्यात मध्यम वजनाच्या स्वारासाठी ४० ते ५० पीएसआय हवा पुरते, पेव्हर ब्लॉकचे हादरे टायरच गिळतो, आणि खड्ड्याच्या कडेवर आपटून रिम आणि रस्ता यांच्यात ट्यूब चिमटल्याने होणारे पंक्चर कमी होते.

चाळीस मिलिमीटरचा टायर म्हणजे काही परदेशी नवलाई नव्हे. दुधाच्या किटल्या आणि गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर नेमका तेवढाच रुंद असतो, आणि त्याच्या कडेवर ४०-६३५ हा आकडा छापलेला असतो. यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमवर टायर जेथे बसतो त्या वर्तुळाच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सायक्लोक्रॉस, हायब्रिड आणि रस्त्याच्या सायकलींचा ७०० सी टायर मात्र ६२२ व्यासाचा असतो, २९ इंची माउंटन बाइकचाही तोच, तर २६ इंचीचा ५५९ आणि साडेसत्तावीस इंचीचा ५८४ असतो. इंचांच्या आकड्यांवर विसंबून टायर दिला की घोळ होतो. व्यासाचा आकडा वाचून दिला की होत नाही. दुकानातील प्रत्येक मदतनिसाला हे चार आकडे तोंडपाठ असावेत.

या मोकळ्या जागेचा कैवार घेताना पुढच्या सस्पेन्शनविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. स्वस्त सायकलीला जोडलेला स्प्रिंगचा चिमटा साधारण अडीच किलो भरतो, तर ताठ पोलादी चिमटा सव्वा किलोच्या आसपास. स्वस्त चिमट्यात स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची किंवा हवेची योजना नसते, त्याच्या रबरी सीलमधून पावसाचे पाणी आत जाते, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच्या नळ्या गंजून तो हलेनासा होतो. म्हणजे ग्राहक वजनासाठी पैसे मोजतो आणि शेवटी त्याच्या हाती ताठ चिमटाच उरतो. हा माल दुकानात पटकन विकला जातो हे खरे आहे, पण तो मागणी आहे म्हणून विकत राहणे आणि त्याची बाजू घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याला सल्ला हवा आहे त्याला ताठ चिमटा आणि रुंद टायर हीच जोडी दाखवली पाहिजे. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली दिसणारी ‘रेंजर’ जड होती, तिच्या ब्रेकची ख्याती नव्हती, पण तिचा चिमटा ताठ आणि टायर रुंद होता, आणि तिच्यावर लोकांनी कच्चे रस्ते निर्धास्त तुडवले.

गिअरच्या बाबतीत दाते मोजून हिशेब मांडणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ७०० बाय ३५ च्या चाकाचा परीघ सुमारे २.१७ मीटर असतो. सायक्लोक्रॉसच्या जुन्या ढंगाच्या जोडणीत पुढे ४६ आणि ३६ दात्यांची चकती असते. तिच्यातील ३६ दात्यांवर मागे २८ घेतले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.८ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला ६० फेरे मारणाऱ्या स्वाराला चढावर ताशी १० किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो. हायब्रिडच्या पुढच्या २८ दात्यांना मागे ३४ जोडले तर हेच अंतर १.८ मीटरपर्यंत खाली येते आणि तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसहा किलोमीटरने चढ चढता येतो. पाठीवर सामान घेऊन माळशेज घाटाकडे निघालेल्या नवख्या स्वाराला हा फरक गुडघ्यांत जाणवतो. येथे कारागिराच्या हाती एक मोलाचे साधन आहे: शिमानोच्या आठ आणि नऊ गिअरच्या पिढीत रस्त्याच्या सायकलीचे शिफ्टर आणि माउंटन बाइकचा मागचा डिरेलर यांचे तार ओढण्याचे माप जुळते, त्यामुळे क्लॅरिस किंवा सोराच्या शिफ्टरला लांब बाहीचा माउंटन डिरेलर जोडून मागे मोठी कॅसेट देता येते. दहा गिअरपासून पुढे ही मापे वेगळी झाली आणि ही सोय संपली. म्हणूनच अंदाजपत्रक तंग असताना जास्त गिअरच्या आकर्षणापेक्षा आठ-नऊ गिअरची सायकल अधिक शहाणपणाची ठरते.

ब्रेकबाबतची चूक केवळ पैसे वाया घालवत नाही, तर जिवावर बेतू शकते. व्ही-ब्रेकला रस्त्याच्या सायकलीच्या ब्रेकच्या जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते; साध्या हँडलच्या हायब्रिडला वाकडे हँडल आणि त्याचे लीव्हर बसवून मूळ व्ही-ब्रेक तसाच ठेवला, तर लीव्हर हँडलला टेकतो आणि रिम मात्र पुरेशी पकडली जात नाही. अशा बदलात लहान बाहीचा व्ही-ब्रेक, कँटिलिव्हर ब्रेक किंवा तार ओढण्याचे माप जुळवून देणारी फिरकी बसवल्याशिवाय सायकल ग्राहकाच्या हाती देऊ नये. रिमवर चालणाऱ्या कोणत्याही ब्रेकमध्ये चिखलातली वाळू रबरात रुतून रिम कानसते, म्हणून पावसाळ्यानंतर रिमची भिंत बोटाने चाचपून पाहावी. तारेवर चालणारा डिस्क ब्रेक या पट्ट्यासाठी सर्वांत सोईचा आहे, कारण ओल्या रस्त्यात तो लवकर पकडतो, रिम झिजवत नाही आणि हायड्रॉलिक ब्रेकप्रमाणे त्याला तेल भरून हवा काढण्याची साधने लागत नाहीत. मात्र पावसात राळेचे मऊ पॅड झरझर झिजतात, तेव्हा डिस्कला चालत असतील तर धातूमिश्रित पॅड द्यावेत.

चाकाविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगण्यासारखी आहे. स्वस्त गिअरच्या सायकलींत मागे आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते, त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत राहतात आणि खड्ड्यात आपटल्यावर आस वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे जवळजवळ फ्रेमलगत असतात, म्हणून आस टिकतो. वारंवार ‘चाकाची आउट काढून द्या’ म्हणत येणाऱ्या ग्राहकाच्या सायकलीत दोष पुष्कळदा आऱ्यांचा नसून या आसाचा असतो. हब आणि पाण्याचे नाते लक्षात घेता, कोन-छर्ऱ्यांचा साधा हब, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट आणि चौकोनी आसाचे सीलबंद कार्ट्रिज या जुन्या गोष्टी अद्ययावत दाबून बसवण्याच्या बेअरिंगपेक्षा येथे श्रेयस्कर आहेत. त्या सामान्य दुकानात उघडता किंवा बदलता येतात आणि त्यांचे भाग सहज मिळतात.

आता पैशांविषयी. आयात केलेली तयार सायक्लोक्रॉस महाग पडते याला सीमाशुल्कही कारण आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरील मूलभूत सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के करण्यात आले होते. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्याची ऐपत चाळीस हजारांच्या आतबाहेर आहे, त्याने सायक्लोक्रॉस या नावाचा हट्ट सोडून ताठ चिमट्याची, ७०० सी चाकांची, डिस्क ब्रेकची हायब्रिड घ्यावी, आणि उरलेल्या रकमेत चांगले टायर, मडगार्ड आणि दिवे घ्यावेत. वाकडे हँडल त्यालाच सुचवावे, जो २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करण्यासारखी लांब पल्ल्याची स्वारी खरोखर करणार आहे आणि ज्याला तासन्‌तास हात ठेवण्याच्या जागा बदलत राहाव्या लागणार आहेत. आणि त्यालाही ते मूळ बांधणीतच असलेली सायकल द्यावी, कारण साध्या हँडलसाठी बनवलेल्या फ्रेमची वरची नळी लांब असते, वाकडे हँडल हातांना आणखी पुढे ओढते, आणि स्टेम आखूड करूनही स्वाराची कंबर भरून येते. जुन्या बाजारातील सायकल घ्यायची असेल, तर डोक्याच्या नळीजवळचे जोड आणि मागचे ड्रॉपआउट यांवरील रंगाला गेलेले तडे आधी पाहावेत, सीटपोस्ट फ्रेममध्ये जाम नाही याची खात्री करावी, आणि मगच गिअरकडे वळावे.

वितरकांकडून येणाऱ्या माहितीपत्रकांत फ्रेमच्या रंगांची नावे असतात, गिअरची संख्या मोठ्या अक्षरांत असते, पण मडगार्डसह आणि मडगार्डशिवाय जास्तीत जास्त किती रुंदीचा टायर बसतो, सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे-मागे किती दाते आहेत आणि मागचा हब कॅसेटचा आहे की फ्रीव्हीलचा, या तीन गोष्टी सहसा नसतात. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातील विक्रेत्यांनी आपल्या मागणीपत्रांत त्या लेखी विचाराव्यात, उत्तर येईपर्यंत पट्टी आणि कॅलिपर घेऊन स्वतः मोजाव्यात, आणि मोजलेले आकडे मराठीत लिहून किमतीच्या चिठ्ठीखालीच सायकलीला बांधावेत.