‘दुर्लक्ष कर !’

मोबाइलवर होणाऱ्या छळाची तक्रार मुलानें घरीं केली, कीं आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत त्याला बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर मिळतें: ‘दुर्लक्ष कर’, किंवा ‘आण तो मोबाइल इकडे’. हीं दोन्ही उत्तरें आम्हांस सारखींच निंद्य वाटतात.

आमच्या कॉलेजांतील अकरावीच्या वर्गांत एक विद्यार्थी ‘ण’चा ‘न’ करीत असे. त्याच्या वाचनाची चित्रफीत सोबत्यांनीं चोरून घेतली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप-समूहावर सोडली. प्रथम तो वर्गांत तोंड उघडीनासा झाला. पुढें आपणच आपल्या उच्चारांची नक्कल करून सर्वांस हंसवूं लागला. हा त्याचा विनोदी स्वभाव, असें आम्ही समजलों. वास्तविक ती शरणागति होती. ‘घरीं कां सांगितलें नाहींस ?’ असें विचारतां तो म्हणाला, ‘सर, मोबाइल काढून घेतला असता.’

वात्रट मुलें पूर्वीं नव्हतीं काय, असें कोणी विचारील. होतीं, परंतु तेव्हांचा छळ बहुधा शाळेच्या घंटेबरोबर संपे. आतां तो मुलाबरोबर घरीं येतो आणि त्याच्या उशाशीं निजतो. युनिसेफनें २०१९ मध्यें ३० देशांत घेतलेल्या चाचणींत एक-तृतीयांशाहून अधिक तरुणांनीं असा छळ सोसल्याचें सांगितलें. पांचांत एकानें त्यापायीं शाळा बुडविल्याचेंहि सांगितलें. अशा मुलाला ‘दुर्लक्ष कर’ म्हणणें म्हणजे जखम झांकून ठेवण्यास सांगणें होय. आणि मोबाइल हिरावून घेणें म्हणजे ज्याच्या घरीं चोरी झाली त्यालाच कोठडींत घालणें होय!

मग करावें काय ? मुलाचें म्हणणें मध्यें न बोलतां शेवटपर्यंत ऐकावें. रागाच्या भरांत मजकूर पुसूं नये. स्क्रीनशॉट घेऊन पुरावा राखावा, आणि मगच त्रास देणाऱ्यास ब्लॉक करावें. शाळेला लेखी कळवावें. धमकीचें अगर अश्लील चित्रांचें प्रकरण असल्यास अब्रूची भीति न बाळगतां पोलिसांकडे जावें. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि-क्रमांकहि आहे. या सर्वांहून मोठा आधार म्हणजे, समूहांत सारे हंसत असतां ‘आतां पुरे’ असें लिहिणारा एक सोबती. आपलें मूल तसा सोबती होईल, असें आपण त्याला वाढविलें आहे काय ?

कारण ‘न’-‘ण’वरून माणसाची किंमत ठरविण्याची विद्या या मुलांना मोबाइलनें शिकविलेली नाहीं. ती आमच्या दिवाणखान्यांत, जेवणाच्या पंगतींत, आणि सांगावयास लाज वाटते, पण आमच्या वर्गांतहि, शुद्ध भाषेच्या अभिमानाखालीं शिकविली गेली. मोबाइलनें तिला केवळ पाय दिले. तेव्हां मुलांच्या हातांतील यंत्र काढून घेण्यापूर्वीं आपण आपल्या ओंठांवरचें हंसूं आवरलें पाहिजे.