तळघरातली हवा तपासली का?

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक निवृत्त शिक्षक सहा महिन्यांची औषधं लिहून घ्यायला आले. मुलाने न्यू जर्सीत घर घेतलंय, तळघर सजवून आईवडिलांसाठी खोली केली आहे, असं कौतुकाने सांगत होते. मी विचारलं, ‘‘रेडॉन तपासलाय का?’’ त्यांना ती एखादी नवी लस वाटली.

रेडॉन हा रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू. खडक-मातीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून तो तयार होतो. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. पण कडाक्याच्या थंडीत दारं-खिडक्या लावून आतून तापवलेलं घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा वर जाते आणि तळाच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. म्हणून तळघरात रेडॉन सहसा सर्वांत जास्त. त्यापासून बनणारे किरणोत्सारी कण फुप्फुसात चिकटतात आणि पेशींना इजा करतात.

ही गोष्ट उजेडात आली ती 1984 च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात काम करणारे स्टॅनली वॉट्रस कामावर आले की किरणोत्सर्गाचा भोंगा वाजायचा. प्रकल्पात तर अजून वीजनिर्मितीही सुरू झाली नव्हती! दोष त्यांच्या राहत्या घराचा निघाला. तिथे लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी रेडॉन होता. 4 च्या वर आकडा गेला की उपाय करा, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते.

याच संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला सुमारे 21,000 माणसं फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात. त्यांपैकी सुमारे 2,900 जणांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी पटींनी जास्त.

मला खटकतो तो हा 4 चा आकडा. लोक त्याला सुरक्षिततेची रेषा समजतात. 3.8 आला की निश्चिंत! जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी याहून कमी, म्हणजे साधारण 2.7 आहे. शिवाय घरोघरी तपासणीची देशव्यापी सक्ती नाही. बहुतेकदा घर विकताना विषय निघतो. शेजाऱ्याचा अहवाल आपल्याला लागू होत नाही, कारण भेगा आणि माती घरागणिक वेगळी.

तपासणी मात्र सोपी. कोळशाची डबी 2 ते 7 दिवस सर्वांत खालच्या राहत्या खोलीत ठेवायची (स्वयंपाकघर, न्हाणीघर नको), आधी 12 तास खिडक्या बंद, मग डबी प्रयोगशाळेकडे. आकडा वाढलेला निघाला तर फरशीखालून पाइप घालून पंख्याने ती हवा छपरावर सोडतात. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची भीती पुष्कळजण घेतात. खरा स्रोत बहुधा पायाखालची जमीन असते.

इथल्या उघड्या खिडक्यांच्या घरात, तेही वरच्या मजल्यावर, मी हा प्रश्न विचारत नाही. चुलीच्या धुराबद्दल विचारतो. पण सहा महिने तळघरात झोपणाऱ्याला विचारायलाच हवा.

परवा गुरुजींचा निरोप आला. घर घेताना तपासणी झाली होती, पण तळघराचं काम त्यानंतरचं. मुलाने आता पुन्हा किट मागवलंय. अहवाल येईपर्यंत दोघांची झोपायची सोय वरच्या मजल्यावर.