उणे तीस, उणे सतरा, उणे नऊ

१४ जुलै २००६ रोजी इटालियन फुटबॉल महासंघाच्या न्यायाधिकरणाने युव्हेंटस या क्लबला पहिल्या श्रेणीतून काढून दुसऱ्या श्रेणीत टाकले, लागोपाठची दोन विजेतेपदे काढून घेतली आणि नवा हंगाम उणे ३० गुणांनी सुरू करायला लावला. त्या निकालाला आज वीस वर्षे झाली. पाचच दिवस आधी, ९ जुलैला, बर्लिनमध्ये इटली फ्रान्सला पेनल्टीवर हरवून विश्वविजेता झाला होता. त्या अंतिम सामन्यात मैदानात उतरलेले आठ खेळाडू युव्हेंटसचे होते. इटलीकडून बुफॉन, कान्नावारो, झाम्ब्रोत्ता, कामोरानेसी आणि देल पिएरो. फ्रान्सकडून थुराम, व्हिएरा आणि त्रेझेगे. ज्याची पेनल्टी चुकली तो त्रेझेगेही त्यांचाच. म्हणजे जगज्जेत्यांचा आणि उपविजेत्यांचा भरणा असलेला संघ आठवडा उलटायच्या आत दुसऱ्या श्रेणीत जाऊन पडला.

यावर रत्नागिरीत अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. त्याने या दिवसांत मिरकरवाड्यात एक फेरी मारावी. १ जूनपासून मासेमारी बंद आहे, ती ३१ जुलैपर्यंत. नौका शाकारून ठेवल्या आहेत, नेपाळी खलाशी गावी गेले आहेत, आणि पत्र्याच्या शेडखाली जाळ्यांचे ढीग दुरुस्तीला पसरलेले आहेत. एरवी पहाटे समुद्रावर असणारा माणूस सध्या पहाटे विश्वचषकाचा सामना बघतो आणि दिवसभर जाळे दुरुस्त करता करता त्यावर वाद घालतो. हा वाद विश्वचषकावरून सुरू होतो आणि बघता बघता क्लबांवर येतो, कारण देश चार वर्षांतून एकदा आठवतो आणि क्लब दर आठवड्याला. इथे युव्हेंटसवाले दोन पिढ्यांचे आहेत. पन्नाशीतल्यांना हा क्लब झिदानमुळे लागला, कारण १९९६ ते २००१ तो तुरिनला होता. विशीतल्यांना रोनाल्डोमुळे, जो २०१८ मध्ये आला आणि २०२१ मध्ये गेला. जहाजावर किंवा आखातात नोकरी करणारे कोणी ना कोणी जवळपास प्रत्येक घरात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी त्यांच्याच बॅगेतून येते.

या चर्चेची एक तऱ्हा आम्हांला फार आवडली. शेडमधला एक तरुण अगदी पोटतिडकीने सांगत होता, "चाचा, पंचाला फोन नव्हताच केलेला. पंच नेमणाऱ्याला केलेला." हातातली सुई न थांबवता चाचा म्हणाले, "पंच नेमणाऱ्याला कशाला मग? सुकी मासळी विकायला?" सगळे हसले, पण त्या हसण्यात कोणाचेच म्हणणे बुडाले नाही. तरुणाची माहिती बरोबर होती आणि चाचांचा प्रश्नही.

प्रकरण मुळात असे. युव्हेंटसचा सरव्यवस्थापक लुचानो मोज्जी हा पंचांच्या नेमणुका करणाऱ्या बेर्गामो आणि पायरेत्तो या दोघांशी फोनवर सतत बोलत असे. कोणत्या सामन्याला कोणता पंच, कोणाला समज द्यायची, कोणाला बाजूला ठेवायचे, अशी ती बोलणी. तपास यंत्रणांनी फोन चोरून ऐकले आणि मे २००६ मध्ये त्यांचे उतारे वृत्तपत्रांत आले. स्वित्झर्लंडची सिमकार्डे वाटल्याचेही पुढे आले. २००४ मध्ये रेज्जिना संघाविरुद्ध सामना हरल्यावर पंचाला खोलीत कोंडून किल्ली बरोबर नेल्याची बढाई मोज्जीने फोनवरच मारली होती. कोंडल्याचा तो आरोप पुढे टिकला नाही, बढाई मात्र जगभर झाली. पैसे देऊन सामना विकत घेतल्याचा पुरावा या सगळ्यात नव्हता. होती ती आपल्या सोयीची माणसे मोक्याच्या जागी राहतील अशी दीर्घ, शांत व्यवस्था. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

उणे ३० चे अकरा दिवसांत अपिलात उणे १७ झाले आणि ऑक्टोबरात लवादापुढे उणे ९. मिरकरवाड्यातली पोरे हे तीन आकडे पाढ्यासारखे म्हणतात. मिलान, लाझिओ, फिओरेन्तिना आणि रेज्जिना यांनाही गुणकपात झाली, तीही अशीच घासाघीस होत खाली आली. उणे आठने हंगाम सुरू करणारा मिलान त्याच हंगामाच्या शेवटी, मे २००७ मध्ये, अथेन्सला युरोपचा विजेता झाला! शिक्षा म्हणायची ती ही, असे युव्हेंटसवाला कपाळावर हात मारून म्हणतो तेव्हा त्याला गप्प करणे सोपे नसते.

त्याचा खरा हुकमाचा पत्ता मात्र इंटर मिलान. युव्हेंटसकडून काढून घेतलेले २००५-०६ चे विजेतेपद इंटरला देण्यात आले. २०१० मध्ये नेपल्सच्या खटल्यात आधी पुढे न आलेले फोन निघाले आणि त्यांत इंटरचे अध्यक्ष जाचिंतो फाकेत्ती यांचाही आवाज होता. महासंघाचे अभियोक्ते पालाझ्झी यांनी २०११ मध्ये अहवाल दिला: इंटरचे वर्तनही नियमभंगाचेच होते, पण मुदत उलटून गेल्यामुळे कारवाई करता येत नाही. विजेतेपद इंटरकडेच राहिले. फाकेत्ती २००६ च्या सप्टेंबरातच वारले होते. स्वतःची बाजू मांडायला ते नव्हते. मोज्जीवर २०११ मध्ये आजन्म बंदी आली, आणि २०१५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्यावरचा फौजदारी खटलाही मुदत संपल्याच्याच कारणाने गुंडाळला गेला. अधिकृत यादीत युव्हेंटसची दोन विजेतेपदे कमी मोजली जातात आणि चाहते ती दोन्ही धरून मोजतात. मिरकरवाडा चाहत्यांच्या बाजूने मोजतो, हे सांगायला नको.

आमचे मत विचाराल तर युव्हेंटसला झालेली शिक्षा योग्यच होती. इंटर सुटला म्हणून युव्हेंटसचे फोन निर्दोष होत नाहीत. शेजाऱ्याची चोरी पकडली गेली नाही ही आपली सुटका नव्हे. पण उणे ३० वरून उणे ९ वर येताना नेमके काय बदलले, पुरावा की दबाव, हा प्रश्न त्या न्यायव्यवस्थेला कायम चिकटून राहील.

देल पिएरो, बुफॉन, नेदव्हेद, त्रेझेगे आणि कामोरानेसी क्लबबरोबर दुसऱ्या श्रेणीत गेले. कान्नावारो, झाम्ब्रोत्ता, थुराम, व्हिएरा, इब्राहिमोविच निघून गेले. ९ सप्टेंबर २००६ ला रिमिनीच्या छोट्याशा मैदानावर पहिला सामना झाला आणि तोही १-१ असा बरोबरीत सुटला. दिदिए देशाँ प्रशिक्षक होता. उणे नऊ भरून काढूनही संघ ८५ गुणांनी पहिला आला, देल पिएरोने २० गोल केले आणि वर्षभरात क्लब वर आला. चाचांच्या पिढीला विजेतेपदांपेक्षा हे एक वर्ष अधिक प्रिय आहे. रोनाल्डोची पिढी ते युट्यूबवर बघते आणि तिच्या वाट्याला तिचे स्वतःचे प्रकरण आलेच: खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत फुगवलेल्या किमती दाखवून हिशेब सजवल्याबद्दल जानेवारी २०२३ मध्ये १५ गुण कापले, एप्रिलमध्ये परत दिले, मेमध्ये पुन्हा १० कापले. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्लींसह सगळे संचालक मंडळ पायउतार झाले होते. करोनाकाळात थकवलेल्या पगारापोटी रोनाल्डोला सुमारे ९७ लाख युरो द्यावेत, असा लवादाचा निर्णय २०२४ मध्ये आला. ज्याच्यामुळे क्लब लागला त्यानेच क्लबकडून पैसे वसूल केले. तरुणांनी आता कोणाची बाजू घ्यायची, यावर शेडमध्ये एकमत नाही.

पावणेसात हजार किलोमीटरवरच्या क्लबाबद्दल इतक्या तपशिलाने भांडता येते, ते कशामुळे? प्रेमामुळे म्हणावे तर ते अर्धेच खरे. ते शक्य होते कारण कागद आहे. फोनचे उतारे छापले गेले, निकालपत्रे प्रसिद्ध झाली, अपिलाचे आदेश, अभियोक्त्याचा अहवाल, लवादाचा आकडा, सगळे कोणालाही वाचता येते. मिरकरवाड्यातला माणूस कागदाची किंमत ओळखून असतो. डिझेल परताव्यासाठी त्याला पावती न पावती जपावी लागते. पर्ससीन जाळ्यांच्या वादात दोन्ही बाजू ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेवर बोट ठेवूनच भांडतात. म्हणूनच असेल कदाचित, पण इथल्या युव्हेंटसप्रेमात भाबडेपणा कमी आहे. आपल्या क्लबाने काय केले ते त्यांना ठाऊक आहे, तोंडपाठ आहे, आणि तरी जर्सी अंगात आहे.

आता त्याच २००६ च्या उन्हाळ्यात इकडे काय झाले ते पाहू. मुंबईचा महिंद्र युनायटेड राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता झाला. ही लीग जिंकणारा महाराष्ट्रातला तो पहिला संघ. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. १९६२ पासून चालत आलेला कंपनीचा संघ, ड्युरँड करंडक तीनदा आणि फेडरेशन करंडक दोनदा जिंकलेला. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला आणि आपण आता शालेय फुटबॉलकडे वळत आहोत असे सांगितले. इटलीतला त्या वर्षीचा विजेता फसवणुकीत सापडला, अपमानित झाला आणि टिकला. आपला त्या वर्षीचा विजेता निष्कलंक होता आणि नाहीसा झाला. शेडमधल्या कोणालाही महिंद्रचे ते वर्ष आठवत नव्हते. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. १८९१ पासून मुंबईत खेळला जाणारा रोव्हर्स करंडक या शतकाच्या उंबरठ्यावर थांबला, त्याचीही कोणी दखल घेतली नाही.

गैरप्रकार आपल्याकडे झाले नाहीत असेही नाही. २००४ मध्ये गोव्यात दुसऱ्या श्रेणीच्या शेवटच्या दिवशी वर चढण्याची शर्यत गोलफरकावर आली, आणि एका मैदानावर कुडतरी जिमखान्याने ६१-१ असा, तर दुसऱ्यावर विल्फ्रेड लेजरने ५५-१ असा विजय मिळवला. दर दीड मिनिटाला एका गोलाच्या आसपासचा वेग! चारही क्लबांना वर्षभर बंदी झाली. ही गोष्ट आज फक्त विनोद म्हणून सांगितली जाते. मैदानावरच्या खेळाडूंना कोण काय सांगत होते, दुसऱ्या मैदानावरचा आकडा कसा पोहोचत होता, याचे उतारे कुठे वाचायला मिळतात?

कोल्हापुराची गोष्ट आणखी वेगळी. आंबा घाट चढून गेले की फुटबॉलचे दुसरेच राज्य लागते: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठेत जन्मला की संघ ठरला. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचे, बंद झाल्याचे प्रसंग किती तरी. पेठेतला म्हातारा कोणत्या साली कोणता गोल चुकीने नाकारला ते ठासून सांगतो, आणि शेजारच्या पेठेतला म्हातारा तितक्याच खात्रीने उलटे सांगतो. दोघांच्याही हातात कागद नाही. त्यामुळे त्यांचे भांडण पुढे सरकत नाही. ते दर हंगामाला पहिल्यापासून सुरू होते आणि पुष्कळदा हातघाईवर येते.

एक ताजे उदाहरण उलटे आहे, म्हणून महत्त्वाचे. २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे की वाराणसीच्या इंटर काशीचे, हा वाद एका सामन्यातल्या अपात्र खेळाडूवरून सुरू झाला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या अपील समितीचा निर्णय चर्चिलच्या बाजूने गेला, करंडकही त्यांना दिला गेला. पण १८ जुलै २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवले. गोव्यातल्या चाहत्यांना तो निकाल पटलेला नाही. पण त्यांच्यापुढे निदान नाकारण्यासाठी एक लेखी निकाल आहे, आणि पुढची पंधरा वर्षे मडगावच्या बाजारात त्यावर मुद्देसूद भांडता येईल. हा कागद मिळवायला आपल्याला लोझानपर्यंत जावे लागले, एवढे मात्र खटकते.

राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आहे, कोल्हापुरात १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे. सामना थांबला, खेळाडूवर बंदी आली, संघ बाद झाला की त्याचा कारणांसह निर्णय मराठीत छापून खुला करणे या संस्थांना अवघड नाही आणि महागही नाही. बंद पडलेल्या संघांचे काम याहून निकडीचे आहे. २००६ चे महिंद्रचे खेळाडू आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्या मोसमाचे पंच आणि पदाधिकारी त्याहून वयस्क. संघ बंद करायचे कसे ठरले, कोणाला आधी कळले, कोणी विरोध केला, हे विचारायचे तर आत्ताच विचारावे लागेल.