पाकिटावर तापमान छापा!

मागच्या एप्रिलमध्ये खामगावच्या घरी गच्चीवर बटरहेड लेट्यूस पेरलं. पाकिटावर ठळक अक्षरांत 'वर्षभर पेरा'. पंधरा दिवस पाणी घातलं, एक कोंब नाही. बाबांचा निकाल तयार: "बी खराब नसन, हातच खराब हाये तुहा."

तेच पाकीट नोव्हेंबरमध्ये पुन्हा पेरलं. पाचव्या दिवशी ट्रे हिरवा!

कारण साधं आहे. लेट्यूसचं बी साधारण 27-30 अंशांच्या वर झोपी जातं. आमच्याकडे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. शिवाय त्याला उजेड लागतो, म्हणून वरून नुसती माती भुरभुरायची, पुरायचं नाही. यातलं एक अक्षर पाकिटावर नव्हतं. होता फक्त उगवणशक्तीचा टक्का, तोही प्रयोगशाळेतल्या थंडाव्यातला. सिस्टिम रिक्वायरमेंट न सांगता सॉफ्टवेअर विकलं तर क्लायंट आपली सालटी काढतो. इथे मात्र 'युजर एरर'!

माझं काय, फार तर सॅलड हुकलं. पण 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हाही अनेक शेतकऱ्यांना हेच ऐकावं लागलं: खोल पेरलं, ओल नव्हती. असेलही काही ठिकाणी खरं. मग किती खोल, किती ओल, हे पिशवीवर टक्क्याइतकंच ठळक का नको? दुबार पेरणीचा खर्च तर शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

1966 च्या बियाणे कायद्याने उगवणशक्ती छापायला लावली. आता तापमान आणि खोलीही छापायला लावा. दोन ओळींची शाई लागेल, बस्स.